पेशी पहिल्यांदा कोणी पाहिली, आणि द्राक्षाची वेल आपल्या बाजूची कशी?

तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदारांनी विचारलं आहे: “मुलगी आठवीत आहे. पुस्तकात पेशीचा शोध रॉबर्ट हूकने १६६५ साली लावला असं दिलंय. शिकवणीतले सर म्हणतात, जिवंत पेशी पहिल्यांदा ल्युवेन्हॉकने पाहिली. दोन्ही बरोबर कसं? आणि पेशींचे मूळ प्रकार कोणते धरायचे? वनस्पती आणि प्राणी, की ते आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी? घरी यातलं काही दाखवता येईल का?”

मी सूक्ष्मजीवशास्त्राची. मिरजेतल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं काचपट्ट्या पाहिल्या. माहेर तासगाव तालुक्यातलंच, घरची द्राक्षबाग. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून जवळचा आहे आणि उत्तर थोडं लांबेल.

आधी शोधाचं. पुरंदरचा तह ज्या साली झाला, त्याच १६६५ साली लंडनमध्ये हूकचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ छापून आला. हूकला एक साधं कोडं पडलं होतं. बाटलीचं बूच इतकं हलकं का? पाण्यात बुडत का नाही? दाबलं तर परत फुगून का येतं? बूच म्हणजे एका जातीच्या ओकच्या झाडाची साल. पेनाच्या चाकूला वस्तऱ्यासारखी धार लावून त्याने तिचा अगदी पातळ काप काढला. बूच फिकट रंगाचं, म्हणून तो काप काळ्या पट्टीवर ठेवला आणि भिंगातून त्यावर उजेड पाडला. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे रिकामे कप्पे दिसले. त्यांना त्याने ‘सेल’ म्हटलं. सेल म्हणजे छोटी खोली, मठातल्या संन्याशाला राहायला देतात तशी. मग तो मोजायला बसला. इंचाच्या अठराव्या भागात ६० कप्पे, म्हणजे एका इंचात १,०८०, आणि एका घन इंचात १,२५,९७,१२,०००. सव्वाशे कोटींच्या वर! हा गुणाकार मुलीला स्वतः करायला सांगा. १,०८० चा घन काढला की नेमका हाच आकडा येतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाची बेरीज-वजाबाकी आपल्या वहीत जुळली की तो माणूस खरा वाटायला लागतो.

बुचाचं कोडं असं सुटलं. बंद खोल्या, त्यांत हवा कोंडलेली. म्हणून ते हलकं, म्हणून ते तरंगतं.

पण बूच ही मेलेली साल. हूकला दिसल्या त्या भिंती. आत राहणारा केव्हाच गेला होता. इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, आणि ती सांगितली नाही तर हूकवर अन्याय होतो. त्याने गाजर, बडीशेप अशा हिरव्या झाडांच्या देठांचे कापही पाहिले होते आणि त्यांतल्या खोल्या रसाने भरलेल्या असतात हे नोंदवून ठेवलं होतं. म्हणजे जिवंत वनस्पतिपेशी त्याच्या नजरेखालून गेल्या होत्या. पण झाडात रस कसा वाहतो हा विचार त्याच्या डोक्यात होता, म्हणून त्याला त्या रसाच्या वाटा वाटल्या. सजीव ज्याचा बनतो तो हाच घटक, हे त्याच्या मनात आलं नाही. दिसणं आणि ओळखणं यांत अंतर असतं. प्रयोगशाळेत नवीन आलेल्या मुलींना मी हे रोज सांगत असे. काचपट्टीवर क्षयाचा जंतू असतो, डोळ्यांना दिसतही असतो, पण काय शोधायचं हे ठाऊक नसलं की नजर त्यावरून घसरून जाते.

ल्युवेन्हॉक हा हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी. विद्यापीठ पाहिलेलं नाही, डच सोडून दुसरी भाषा येत नाही. कापडाचा पोत तपासायला व्यापारी भिंग वापरत. याला भिंगांचं वेडच लागलं. हूकच्या सूक्ष्मदर्शकात एकापुढे एक भिंगं होती. याचं यंत्र म्हणजे दोन पितळी पट्ट्यांमध्ये बसवलेलं मण्याएवढं एकच भिंग. डोळ्याला चिकटवून उजेडाकडे तोंड करायचं. पण ते भिंग त्याने असं घासलं होतं की आज शिल्लक असलेल्यांपैकी सर्वांत चांगलं भिंग सुमारे २७० पट मोठं दाखवतं.

१६७४ साली, म्हणजे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच वर्षी, त्याने गावाजवळच्या तळ्याचं पाणी पाहिलं आणि त्यात हलणारे, वळणारे जीव दिसले. दोन वर्षांनी त्याला प्रश्न पडला की मिरी तिखट का लागते. कदाचित तिला बारीक काटे असतील, ते जिभेला टोचत असतील. म्हणून त्याने मिरी पाण्यात भिजत घातली. काही आठवड्यांनी त्या पाण्याचा थेंब पाहिला, तर त्यात इतके बारीक जीव की मोजता येईनात. मिरीचे काटे काही सापडले नाहीत, जिवाणू सापडले. १६७६ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला लिहिलं. तिथे कुणाचा विश्वास बसेना. मग पत्रात लिहिल्याप्रमाणे मिरीचं पाणी तयार करून, नोव्हेंबर १६७७ मध्ये सोसायटीच्या सभेत ते जीव सगळ्यांना दाखवले कोणी? हूकनेच. ल्युवेन्हॉकच्या शब्दाला लंडनमध्ये वजन आलं ते हूकच्या साक्षीमुळे. म्हणून या दोघांची परीक्षेपुरती झुंज लावलेली मला आवडत नाही. मुलीने सरळ लिहावं: पेशी पहिल्यांदा पाहिली आणि तिला नाव दिलं हूकने, १६६५ मध्ये, मृत सालीत. स्वतंत्रपणे जगणाऱ्या जिवंत पेशी पाहिल्या ल्युवेन्हॉकने, १६७४ पासून पुढे. पुस्तकही बरोबर आणि सरही बरोबर.

यानंतर दीडशेहून जास्त वर्षं गाडी रखडली, कारण भिंगं कच्ची होती. मोठं करावं तर कडांना रंगांच्या झालरी यायच्या. त्यावर उपाय निघाला १८३० च्या सुमारास, आणि मग घटना भराभर घडल्या. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊनला ऑर्किडच्या पेशींत एक गोल ठिपका पुन्हा पुन्हा दिसला, त्याला त्याने केंद्रक म्हटलं. १८३८ मध्ये श्लायडेनने वनस्पतींबद्दल आणि १८३९ मध्ये श्वानने प्राण्यांबद्दल सांगितलं की हे सगळे पेशींचेच बनलेले आहेत. पेशी येते कुठून, हे मात्र दोघांचंही चुकलं. ती आधीच्या पेशीतूनच येते, हे रेमाकने दाखवलं आणि फिर्खोने १८५५ मध्ये ते ठामपणे मांडलं. तुमच्या बागेतली कुठलीही वेल कलमाच्या काडीतून आली, ती काडी दुसऱ्या वेलीतून. पेशीचंही तसंच, मागे जाल तिथपर्यंत साखळी कुठेच तुटलेली नाही.

आता प्रकारांकडे येते, कारण गोंधळ खरा इथे आहे.

मी शाळेत असताना आमच्याकडून वनस्पतिपेशी आणि प्राणिपेशी अशा दोन आकृत्या काढून घेतल्या. एक चौकोनी, एक गोल. सूक्ष्मदर्शक कपाटात होता, किल्ली कुणाकडे होती ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यामुळे जगात पेशी दोनच तऱ्हेच्या असतात असं मी कॉलेजात जाईपर्यंत धरून चालले होते. आजही मुलं तसंच धरून चालतात. वनस्पती आणि प्राणी हा भेद खरा आहे, पण तो एकाच वाड्यातल्या दोन सोप्यांमधला भेद आहे. मूळ भेद वेगळाच: पेशीत पटलाने वेढलेलं केंद्रक आहे की नाही?

ज्यांत नाही, त्या आदिकेंद्रकी. जिवाणू त्यांत येतात. त्यांचं गुणसूत्र पेशीद्रव्यातच एका जागी गोळा होऊन असतं, भोवती पडदा नाही. तंतुकणिका नाहीत, हरितलवकं नाहीत. एक मोठी खोली आणि तिच्यातच स्वयंपाक, झोप आणि हिशोब. ज्यांत केंद्रक आहे त्या दृश्यकेंद्रकी. इथे पडद्यांनी वेगवेगळी दालनं केलेली असतात. केंद्रकात माहिती, तंतुकणिकेत ऊर्जा, वनस्पती असेल तर हरितलवकात उजेडापासून अन्न, आंतर्द्रव्यजालिकेत बांधणी. आकारातही फरक मोठा. आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू साधारण २ मायक्रोमीटर लांब, म्हणजे एका मिलिमीटरात ५०० ओळीने बसतील. आपली तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रोमीटर, गालाच्या आतली पेशी ५० च्या आसपास, आणि कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी लांबीला मिलिमीटरच्या पाव भागापर्यंत जाते. हा दोन गटांचा विचार फ्रान्सच्या शातोंने १९२५ मध्ये मांडला आणि १९६२ मध्ये स्टॅनियर आणि व्हान नील यांनी तो पक्का केला.

दृश्यकेंद्रकींच्या वाड्यात कोण कोण आहे ते नीट पाहा. तुम्ही आहात, तुमची म्हैस आहे, द्राक्षाची वेल आहे, द्राक्षाच्या सालीवर बसणारं यीस्ट आहे आणि पानावर येणारी भुरीही आहे. तुमच्या पेशीची आणि वेलीच्या पेशीची मांडणी जितकी सारखी आहे, तितकी सारखी तुमची आणि दह्यातल्या जिवाणूची नाही. मुलीला हे सांगितलं तर ती चकित होईल. मीही झाले होते. आणि परीक्षेपलीकडे या भेदाचं महत्त्व काय, तर औषधं याच भेदावर चालतात.

पेनिसिलिन घ्या. जिवाणूच्या पेशीभित्तिकेत पेप्टिडोग्लायकन नावाचं जाळं असतं. पेनिसिलिन ते विणू देत नाही, जिवाणू फुटून मरतो. आपल्या पेशींना भित्तिकाच नाही, त्यामुळे औषधाला आपल्याकडे मोडायला काही सापडत नाही. स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमला, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला, धरतं. आपल्या पेशीद्रव्यातले रायबोसोम मोठे आणि वेगळ्या घडणीचे, म्हणून ते बचावतात. शत्रू पलीकडच्या वाड्यातला असला की नेम धरणं सोपं जातं.

बुरशी आपल्याच वाड्यातली. तिच्यात केंद्रक आहे, तंतुकणिका आहेत, रायबोसोम आपल्यासारखे. तिला मारायला जावं तर घाव आपल्यावरही बसतो. २०२१ मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिसचे, लोक ज्याला काळी बुरशी म्हणत त्याचे, रुग्ण आले. ते दिवस मी विसरू शकत नाही. काचपट्टीवर रुंद, फितीसारखे तंतू दिसले की पोटात खड्डा पडायचा. ॲम्फोटेरिसिन हे औषध बुरशीच्या पेशीपटलातल्या एर्गोस्टेरॉलला चिकटतं, पण आपल्या पेशीपटलातलं कोलेस्टेरॉल त्याचं जवळचं भावंड. म्हणून ते देताना मूत्रपिंडावर रोज लक्ष ठेवावं लागे. रुग्णाचे नातेवाईक विचारायचे, साधं अँटिबायोटिक का देत नाही? त्याचं उत्तर आठवीच्या या धड्यातच आहे. हूकच्या त्या १६६५ च्या ग्रंथात पुस्तकाच्या चामड्यावर आलेल्या बुरशीचं सुंदर चित्र आहे. जाणकार ती म्युकरच असल्याचं सांगतात.

आता हेच तुमच्या बागेत बघा. भुरीवर तुम्ही हेक्साकोनॅझोल मारता, ते दावण्यावर का चालत नाही? भुरी ही खरी बुरशी, स्वतःचं एर्गोस्टेरॉल स्वतः बनवते. हेक्साकोनॅझोल ते बनणंच थांबवतं. माणसाला बुरशीसाठी देतात ते फ्लुकोनॅझोल याच घराण्यातलं. दावण्या, म्हणजे डाऊनी, दिसायला बुरशी, पण खरी बुरशी नाही. तिची भित्तिका मुख्यतः सेल्युलोजसारख्या घटकांची, नातं तपकिरी शैवालांशी जवळचं, आणि ती एर्गोस्टेरॉल बनवतच नाही. औषधाला पकडायला जागाच नाही. शिवाय तिचे बीजाणू शेपटीच्या साहाय्याने पाण्यात पोहतात. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला, पानं रात्रभर ओली राहिली की तुमची झोप उडते ती यासाठी. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण १८८५ मध्ये फ्रान्समध्ये पुढे आलं तेही याच दावण्यासाठी. आणि आटपाडीकडच्या डाळिंबावरचा तेल्या तिसराच. तो जिवाणू, म्हणजे आदिकेंद्रकी. त्याच्यावर हेक्साकोनॅझोलसारख्या बुरशीनाशकांच्या कितीही फवारण्या केल्या तरी पैसा वाया. त्यावर स्ट्रेप्टोमायसिन मारायची सवय लागली, याचं मला फार वाईट वाटतं. तेच औषध माणसाच्या क्षयावर चालतं. शेतात सारखं मारत राहिलं की त्याला न दाद देणारे जिवाणू मागे उरतात, आणि जिवाणूंना बांध कळत नाही.

तिसरा गटही आहे, तो पुस्तकात फार तर एका ओळीत असतो. १९७७ मध्ये वूज आणि फॉक्स यांनी रायबोसोममधल्या आरएनए या डीएनएच्या नातलग रेणूची अक्षरं जुळवून पाहिली, आणि जिवाणू समजले जाणारे काही जीव जिवाणूंपासून फारच दूरचे निघाले. त्यांना आर्किया म्हणतात. केंद्रक नाही म्हणून ते आदिकेंद्रकीच, पण भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन नाही, पटलातली चरबीही वेगळ्या घडणीची. ते पाहायला दूर जायला नको. तुमच्याकडे गोबरगॅसची टाकी असेल तर चुलीवर निळ्या ज्योतीने जळणारा मिथेन त्यांनीच बनवलेला आहे. म्हशीच्या पोटातही तेच आहेत. आठवीला दोन गट पुरेत, पण मुलीला ही तिसरी वाट आहे एवढं माहीत असू द्या.

आणि दोन वाड्यांमध्ये एक जुनं दार आहे. तंतुकणिका ही कधीकाळी स्वतंत्र जगणारा जिवाणू होती. दुसऱ्या पेशीने ती गिळली आणि पचवली नाही. तिच्यात अजून स्वतःचा छोटा डीएनए आहे, रायबोसोम जिवाणूंच्या धर्तीचे आहेत, आणि ती दोन भाग होऊनच वाढते. हरितलवकाचंही तसंच, ते मूळचं निळंहिरवं शैवाल म्हणतात त्या जिवाणूंपैकी. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हा विचार मांडला. त्याआधी कित्येक नियतकालिकांनी त्यांचा लेख परत पाठवला होता. द्राक्षाच्या पानात असे दोन जुने पाहुणे राहतात, आपल्यात एक. याचा दाखला मी दवाखान्यात पाहिलेला आहे. काही घराण्यांत तंतुकणिकेच्या डीएनएत एक बदल आईकडून मुलांत उतरतो. त्यामुळे त्यांचे तंतुकणिकेतले रायबोसोम जिवाणूंच्या रायबोसोमशी आणखीच मिळतेजुळते होतात. अशा माणसाला स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेंटामायसिनचं इंजेक्शन दिलं तर ऐकू येणं जाऊ शकतं. म्हणून हे इंजेक्शन देण्याआधी “आईकडच्या कुणाला औषधाने बहिरेपण आलंय का?” असं विचारायचं असतं.

मुली हमखास विचारतात असा एक प्रश्न आत्ताच सोडवून ठेवते. आपल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, मग ती आदिकेंद्रकी का? नाही. अस्थिमज्जेत तयार होताना तिला केंद्रक असतं. रक्तात येण्याआधी ती ते बाहेर टाकते आणि पुढे सुमारे १२० दिवस जगते. कोंबडीच्या तांबड्या पेशीत केंद्रक शेवटपर्यंत राहतं. आणि विषाणू कुठल्याच गटात नाहीत, कारण ते पेशीच नव्हेत.

घरी काय दाखवता येईल? शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तम. कांद्याच्या आतल्या बाजूचा पापुद्रा काढा, पाण्याचा थेंब, त्यावर आयोडीनचा थेंब. विटांच्या भिंतीसारख्या पेशी आणि प्रत्येकीत पिवळसर केंद्रक दिसेल. हिरवा रंग दिसणार नाही, कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवकं नसतात. मुलं आकृतीत हमखास हिरवा रंग भरतात आणि गुण घालवतात. गालाच्या आतून कानकोरणीच्या कापसाने हलकेच पुसून काचेवर पसरा, मेथिलीन ब्लूचा थेंब टाका. वेडीवाकडी निळी पेशी आणि मध्ये गडद ठिपका. तिथे भिंत नाही, हे दोन्ही शेजारी ठेवून बघू दे. सालीवर धूसर थर असलेली द्राक्षं चेचून रस दोन दिवस झाकून ठेवला तर ४०० पटीवर यीस्टच्या अंडाकृती पेशी दिसतात, काहींना बाजूने कोंब फुटलेला. दह्याचे जिवाणू हवे असतील तर १००० पटीचं तेलाचं भिंग लागतं, ते एखाद्या कॉलेजात मिळेल.

आणि जिवंत पेशी जिवंत असताना बघायची असेल तर नदीच्या संथ पाण्यात वाढणारं हायड्रिला आणा. एक पान तासभर उन्हात ठेवा, मग रंग न लावता पाण्यातच पाहा. पेशीच्या कडेने हिरवे दाणे एकामागे एक फिरताना दिसतात. पहिल्या फेरीत दिसले नाहीत तर पाच मिनिटं थांबा, पान ऊब धरायला वेळ घेतं. सूक्ष्मदर्शक कुठेच मिळत नसेल तर मनू प्रकाश यांनी बनवलेला फोल्डस्कोप मागवा. कागदाच्या घडीत बसवलेलं मण्याएवढं एकच भिंग, सुमारे १४० पट, ल्युवेन्हॉकच्या यंत्रासारखंच डोळ्याला चिकटवून उजेडाकडे बघायचं. त्यातून कांदा स्वच्छ दिसेल, गालाची पेशी दिसेल, आणि हायड्रिलाचे दाणे हलताना नीट धरून बघितलं तर दिसतील.